पेन थांबू न देणे

मी नववीत असताना दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत एका अंध मुलाची लेखनिक म्हणून बसले होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, असा तेव्हा नियम होता आणि त्यामागचे कारण उघड होते. ज्याला उत्तर येते त्याच्या हाती पेन देणे धोक्याचे असते. इतिहासाच्या पेपरात त्या मुलाने सांगितले की, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणारे डिसेंबर १९२० चे काँग्रेस अधिवेशन वर्ध्याला भरले. ते नागपूरला भरले होते, हे मला पुस्तकातून नव्हे, तर आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकून पाठ होते. मी काहीच बोलले नाही. माझे पेन मात्र क्षणभर थांबले. कागदावरची खसखस बंद झाली तशी त्याने मान किंचित वळवली आणि तो म्हणाला, ‘थांब. नागपूर लिही.’ पर्यवेक्षक खिडकीपाशी उभे होते, त्यांना यातले काही कळले नाही. त्या मुलाला त्या प्रश्नाचा जो काही गुण मिळाला असेल, तो माझा होता.

गेली सतरा वर्षे मी इतरांच्या नावाने लिहिते आहे आणि या कामातली मुख्य अडचण त्या वर्गातच माझ्या लक्षात आली होती, असे आता वाटते. इंग्रजीतून आलेला ‘घोस्ट रायटिंग’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे ‘भूतलेखन’ असे मराठी केले की नागपूरच्या आमच्या प्रतापनगरातल्या शेजारणींच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते पाहून मी तो शब्द वापरणे सोडून दिले. मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक टाइपात कधीकधी ‘शब्दांकन’ असे छापून पुढे एक नाव येते, तो शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण तो मान माझ्या वाट्याला आजवर दोनदाच आला. स्वतःपुरते मी स्वतःला लेखनिकच म्हणते.

काम येते ते बहुतेक तोंडोतोंडी. धंतोलीतल्या एखाद्या डॉक्टरांना निवृत्तीपूर्वी आपल्या दवाखान्याची कहाणी सांगायची असते. एखाद्या घरात आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन चार महिन्यांवर आलेले असते आणि मुलांना त्या दिवशी येणाऱ्यांच्या हाती त्यांच्या आठवणींचे पुस्तक द्यायचे असते. एखाद्या पतसंस्थेला रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायची असते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की शहरात पांढऱ्या गाड्या वाढतात आणि माझ्याकडे भाषणांची व लेखांची मागणीही वाढते. ती कामे लवकर होतात, पैसेही लवकर मिळतात आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. भाषण लिहिताना मी फक्त एवढेच पाहते की, बोलणाऱ्याला दम कुठे लागतो. त्याच्या श्वासापेक्षा लांब वाक्य मी लिहीत नाही.

पैशांविषयी लोकांना कुतूहल असते, म्हणून सांगते. पुस्तकाचे मानधन मी फर्म्यावर ठरवते. डेमी आकाराचा फर्मा सोळा पानांचा. दहा फर्म्यांचे, म्हणजे १६० पानांचे पुस्तक झाले की शब्द साधारण ४५,००० होतात. फर्म्याला १५,००० रुपये या हिशेबाने दीड लाख रुपये हा आकडा ऐकताना मोठा वाटतो, परंतु त्यासाठी आठ महिने लागतात, तेव्हा महिन्याला वीस हजारही पडत नाहीत. म्हणून एका वेळी दोन-तीन पुस्तके हातात ठेवावी लागतात, आणि सकाळी एका डॉक्टरांचा ‘मी’ व दुपारी एका कंत्राटदाराचा ‘मी’ अंगात आणावा लागतो. ग्राहक कंपनी असली तर १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात. घरगुती ग्राहक असला तर शेवटचा हप्ता नेमका दिवाळीच्या किंवा लग्नाच्या खर्चात अडकतो. एका उद्योजकाने पुस्तक छापून वाटल्यानंतर मला सांगितले की, ‘शेवटची दोन प्रकरणे मीच पुन्हा लिहून काढली आहेत.’ मी छापील प्रत चाळून पाहिली. बदललेला होता तो केवळ अर्पणपत्रिकेतला एक स्वल्पविराम.

त्यानंतर मी करारात एक वाक्य घातले. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या करारांत यातले काहीच नव्हते. ‘पुस्तक लिहून द्यायचे ठरले’ असा एका ओळीचा कागद असे. आता मी मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिते आणि हक्क संपूर्ण मानधन पोहोचल्याच्या तारखेपासून ग्राहकाकडे जातील, असेही लिहिते. याच कायद्याचे ५७ वे कलम फार विचार करायला लावणारे आहे. हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिले आहे’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कायदा त्या विक्रीपासून वेगळा ठेवतो. माझा सगळा धंदा हा अधिकार न वापरण्याच्या शब्दावर चालतो. तो शब्द मी करारात देते आणि पाळते. म्हणूनच पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांची व त्यांच्या मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका घरी मी जात होते. काकांचा जन्म १९४४ चा. वयाच्या अठराव्या वर्षी ते एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, लागले आणि २००२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी बाहेर पडले, ते निवृत्त होऊन की मिल बंद पडून, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हते, कारण दोन्ही एकाच वर्षी घडले. त्यांची मुलगी बँकेत अधिकारी आहे. पुस्तक तिला हवे होते.

नागपूरच्या मे महिन्यात ध्वनिमुद्रण करणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कूलर चालू ठेवला तर बोलणे त्याच्या घरघरीत बुडते. बंद केला तर ऐंशी वर्षांच्या माणसाला घाम फुटून दम लागतो. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला बसत असू आणि साडेआठला उठत असू. अशा रीतीने एकूण एकतीस तासांचे बोलणे जमले. एक तासाचे बोलणे उतरवून काढायला मला पाच तास लागतात. फोन आता बोललेले मराठी आपोआप टंकित करून देतो, पण नागपुरी बोलणे त्याच्या कानात शिरत नाही. ‘काहून’ या शब्दाचे त्याने सलग तीन ओळींत तीन वेगवेगळे शब्द केले. शिवाय उतरवताना माणूस दुसऱ्यांदा ऐकू येतो. काका कुठे आवंढा गिळतात आणि कुठे विषय बदलतात, हे समोर बसलेली असताना माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा, बाबासाहेबांच्या नागपुरातल्या धम्मदीक्षेचा दिवस सांगितला. ते बारा वर्षांचे होते. आईने आदल्या रात्री मांजरपाटाचे कपडे नीळ घालून धुतले होते आणि ते वाळले नाहीत म्हणून सकाळी तसेच ओलसर अंगावर चढवले होते. ‘भंडाऱ्याहून मामा आले होते,’ काका म्हणाले, ‘महाराष्ट्राच्या लाल एसटीनं. मी चौकात उभा होतो पाहत.’

त्या दिवशी महाराष्ट्र नव्हता. नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि भंडाराही मध्य प्रदेशातच होते. १ नोव्हेंबरला, म्हणजे पुढच्या अठरा दिवसांनी, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजी. मला हे तिथल्या तिथे आठवले. पण नववीतल्या त्या वर्गापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळत आले आहे. ध्वनिमुद्रण चालू असले तरी मी हाताने लिहीत राहते आणि बोलणारा काहीही बोलला तरी पेन थांबू देत नाही. पेन थांबले की माणूस बोलणे सोडून बरोबर उत्तर शोधू लागतो. मग तो समोरच्याला जे हवे असेल ते सांगतो. पेन जलद चालू लागले तरीही तोच घोळ होतो, कारण आपल्या कोणत्या गोष्टीवर लेखनिक खूश झाला, हे त्याला कळते आणि पुढच्या बैठकीत तो तशाच गोष्टी घेऊन येतो. म्हणून सुनेच्या तक्रारीला आणि दीक्षाभूमीवरच्या गर्दीला माझ्या पेनाची गती एकच असावी लागते. हे साधायला मला सहा-सात वर्षे लागली.

लाल एसटीविषयी मी नऊ दिवसांनी विचारले, तेही आडून. मामा परत केव्हा गेले, त्यांच्या घरी तुम्ही कधी गेलात, तेव्हा वाटेत काय दिसले, असे बोलता बोलता काका स्वतःच म्हणाले की, मामाच्या मुलीच्या लग्नाला सगळे जण लाल बसने गेले होते. आणि मग गप्प झाले. ‘म्हणजे ते तेव्हाचं असंल,’ ते म्हणाले. ‘पन ताई, मले तं ते एसटीतूनच उतरताना दिसतात.’

या एका वाक्यावर मी चार दिवस घालवले. एसटी काढून टाकली असती तर इतिहास बरोबर झाला असता, पण चौकात उभा असलेला मुलगा पुस्तकातून गेला असता. ठेवली असती तर पहिल्याच जाणत्या वाचकाने काकांना खोटे ठरवले असते आणि त्याचा दोष त्यांच्याकडे गेला असता, कारण नाव त्यांचे. शेवटी मी लिहिले: ‘मामा भंडाऱ्याहून आले. कशाने आले ते सांगता येणार नाही, कारण तेव्हा महाराष्ट्रही नव्हता आणि त्याची एसटीही नव्हती. मला मात्र ते लाल एसटीतूनच उतरताना दिसतात.’ यातले मधले वाक्य माझे आहे. पहिले आणि शेवटचे त्यांचे.

या बाबतीत आपल्याकडे एक फार मोठा पूर्वज आहे आणि त्याचे काम विदर्भातच झाले. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र सिद्ध केले. हे काम जिथे झाले त्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या वाटेवरून जाताना मला म्हाइंभटांच्या पांडित्यापेक्षा त्यांच्या कानांचा हेवा वाटतो. माणसे दारी काय बोलली, कशी बोलली, हे त्यांनी आपल्या विद्वत्तेखाली दडपले नाही. मी दडपले होते, ते आता सांगते.

पहिली तीन प्रकरणे लिहून मी काकांना वाचून दाखवली. वाचून दाखवणे हा माझा रिवाज आहे. हाती कागद दिला की लोक शुद्धलेखनाच्या चुका शोधतात, ऐकवले की स्वतःला शोधतात. आईच्या स्वयंपाकाचे वर्णन मला फार साधले आहे, असे माझे मत होते. काका डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘छान आहे. पन आमच्या घरी कोथिंबीर नव्हती ताई, सांबार होता.’

मी नागपूरची आहे. माझ्या आईच्या घरीही सांबारच होता, भाजी परतायला सराटा होता आणि उपवासाला फल्ली होती. तरीही लिहायला बसल्याबरोबर माझ्या हाताने कोथिंबीर, उलथने आणि शेंगदाणे लिहिले, कारण लेखी मराठी म्हणजे ती, हे शाळेपासून हातात बसले आहे. मग मी सगळी प्रकरणे तपासली. काकांच्या बोलण्यात घड्याळ नव्हतेच. त्यांचा काळ पाळीवर आणि भोंग्यावर चालत होता. ‘दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा पोरगी झाली.’ मी त्याचे ‘दुपारी’ करून टाकले होते. १९८६ मध्ये मिल टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, त्याला ते ‘पाटी बदलली’ म्हणत होते आणि मी ‘व्यवस्थापनात बदल झाला’ असे लिहिले होते. दुःखाची गोष्ट सांगताना ते क्रियापद आधी आणत. ‘गेली माय पहाटे.’ मी त्याचे ‘पहाटे माय गेली’ असे सरळ केले होते आणि त्या सरळ करण्यात ती बाई माझ्या हातून दुसऱ्यांदा गेली होती. ही तिन्ही प्रकरणे मी बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले.

काकांच्या मुलीला हे पटले नाही. ‘मॅडम, बाबांची भाषा जरा सुधारून घ्या, त्यासाठीच तर तुम्हाला बोलावले,’ असे ती म्हणाली, आणि मला प्रथम तिचा रागच आला. नंतर तिने सांगितले की, नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या प्रशिक्षणात ती ‘मी फाइल पाहून राहिली’ असे म्हणाली, तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि ते हसणे तिने वीस वर्षे जपून ठेवले आहे. आपल्या बापाला कोणी असे हसू नये, एवढेच तिचे मागणे होते. ते मागणे चुकीचे नाही. पुष्कळ जण अशा वेळी संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, असा तोडगा काढतात. मला तो इथे खोटा वाटला. निवेदन करणारा माणूस तोच, मग बोलताना तो एक आणि सांगताना दुसरा कसा? आम्ही शेवटी असे ठरवले की व्याकरण साधे, प्रमाण ठेवायचे. घरातले आणि मिलमधले शब्द त्यांचे राहतील. वाक्याची लांबी आणि क्रियापदाची जागाही त्यांचीच राहील. सांबार पहिल्यांदा येतो तिथे ‘बाजार उठताना माय मुळासकट सांबाराची हिरवी जुडी फुकट मागून आणी’ असे वाक्य केले, म्हणजे पुण्याच्या वाचकाला इडलीबरोबरचे सांबार आठवणार नाही. कंसात अर्थ दिला नाही. कंस आला की वाचकाला वाटते, हा माणूस आपल्याकडे परवाना मागतो आहे.

पुढचे हाल अक्षरजुळणीचे. मी युनिकोडमध्ये लिहिते, अक्षरजुळणी करणारे गृहस्थ जुन्या श्रीलिपीत काम करतात, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मुद्रितशोधनाच्या तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत काकांनी धाकट्या भावाच्या दारूविषयीची सव्वादोन पाने काढायला सांगितली. त्या पानांवर मी जीव लावला होता. पानसंख्या फर्म्यात बसेना, म्हणून शेवटी दोन छायाचित्रे वाढवली. भाऊ जिवंत आहे, एवढे एकच कारण काकांनी दिले आणि ते मला पुरले.

मी काय लिहीत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्षातून पाच-सहा जण पीएच.डी.चा प्रबंध लिहून मागतात, आठवणींच्या पुस्तकाच्या चौपट पैसे देऊ करतात आणि ‘दुसऱ्यांची पुस्तके लिहिता, मग हे का नाही?’ असे विचारतात. आठवणी माझ्या मदतीने लिहिल्या तरी त्या सांगणाऱ्याच्याच राहतात. प्रबंधावर मात्र विद्यापीठ असा दाखला देते की, हे काम या माणसाला करता येते. तो दाखला मी लिहिलेल्या पानांवर मिळवला तर तो बनावट होतो, आणि पुढे त्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर आणून ‘फक्त मराठी नीट करून द्या, अर्धे पैसे देतो’ म्हणणारेही येतात. त्या मजकुरात माणूसच नसतो, त्यामुळे नीट करायचे ते कोणाचे मराठी, हे मला कळत नाही. मी त्यांना ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करायला सांगते. बहुतेक जण परत येत नाहीत.

काकांच्या पुस्तकाचे प्रकाशन नोव्हेंबरात झाले, वस्तीतल्याच एका सभागृहात. मी पाचव्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या बाईंनी ‘तुम्ही मुलीच्या बँकेतल्या का?’ असे विचारल्यावर मी मान हलवली, जिचा अर्थ त्यांनी हवा तसा घ्यावा. पाहुण्यांनी लाल एसटीचा उतारा वाचून दाखवला आणि मधल्या, माझ्या वाक्याचे, त्यातल्या प्रांजळपणाचे तोंडभरून कौतुक केले. टाळ्या झाल्या. काकांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते बरेच झाले. पण त्या वाक्याच्या आधी आणि नंतर जी वाक्ये होती त्यांच्याविषयी पाहुणे काहीच बोलले नाहीत, याचे मात्र मला वाईट वाटले. माझे वाक्य इतके उठून दिसायला नको होते. दुसरी आवृत्ती निघाली तर ते मी लहान करणार आहे.

करारानुसार पुस्तक छापल्यापासून ९० दिवसांत माझ्याकडचे ध्वनिमुद्रण पुसायचे असते. पुसण्याआधी एकतीस तासांचे बोलणे पेन ड्राइव्हवर घालून मी मुलीच्या हाती दिले. ते त्यांच्या घरी कोणी ऐकले की नाही, हे मी विचारलेले नाही. शेवटी फाइली काढून टाकताना मी फक्त एक उघडली, चौदा ऑक्टोबरची. काका चौकात उभे आहेत, मामा एसटीतून उतरत आहेत, बाहेर भाजीवाला ओरडत चालला आहे आणि या सगळ्याखाली माझ्या पेनाची खसखस ऐकू येते. ‘महाराष्ट्राच्या’ या शब्दापाशी मी आवाज मोठा करून तीनदा ऐकले. खसखस तिथे थांबलेली नाही.